अण्णांची रडी

आमचे अण्णा खेळात रडी खातात. बायको म्हणून रागाने सांगत नाही, माहिती म्हणून सांगते. लग्न होऊन मी अंबरनाथच्या मोरिवलीत आले, त्या पहिल्याच दिवाळीत पत्ते खेळताना त्यांनी बदामाची राणी मांडीखाली सरकवली होती. मी बोट दाखवलं तर म्हणाले, "पडली असंल." पुढे कंपनीच्या कँटीनमध्ये त्यांना कॅरमला कोणी घेईनासं झालं. गणपतीत मंडपामागे पत्त्यांचा डाव बसला, की अण्णा दिसताच आळीतले नाथाभाऊ पत्ते आवरून खिशात घालायचे. पण अण्णांनी कधी, एकदाही, कबूल केलं नाही. एरवी माणूस सरळ. एमआयडीसीत सगळी नोकरी मशीनवर काढली, कंपनीचा एक नट-बोल्ट घरी आणला नाही. फक्त समोर डाव मांडला की त्यांच्या अंगात काहीतरी शिरतं. हरणं त्यांना सोसत नाही, मग समोर नाथाभाऊ असोत की बालवर्गातली नात.

नातीचं नाव राजसी. माझा मुलगा अभिजीत आणि सून तेजल बदलापूरला फ्लॅट घेऊन राहतात, दोघंही नोकरीला. राजसीची शाळा मात्र अंबरनाथला घेतली, ती आमच्या सोयीने. शाळा सुटली की सुदामची रिक्षा तिला मोरिवलीत आमच्या दारात सोडते आणि संध्याकाळी कामावरून येताना तेजल तिला घेऊन जाते. मधली दुपार आमची. आमची म्हणजे खरं तर अण्णांची. मी उल्हासनगरच्या एका साड्यांच्या दुकानाचं फॉल-बिडिंगचं काम करते. दुकानाच्या शेठना प्रत्येक साडी "अम्मा, कल सुबह" हवी असते, त्यामुळे माझी मान मशीनवर आणि कान या दोघांकडे, अशी आमची वाटणी आहे.

ही दोघं चल्लस आठ खेळतात. ज्यांनी खेळला नसेल त्यांच्यासाठी सांगते. जमिनीवर खडूने घरं आखायची, पाच आडवी, पाच उभी, काही घरांवर फुली काढायची, तिथली सोंगटी कोणी मारू शकत नाही. फाशांऐवजी चिंचोके. दोन चिंचोके मधोमध फोडून दगडावर घासले, की चार फाका होतात, एका बाजूने पांढऱ्या, दुसऱ्या बाजूने तपकिरी. त्या ओंजळीत खुळखुळवून टाकायच्या. जितक्या पांढऱ्या बाजू वर, तितकी घरं आपली सोंगटी चालते. चारही पांढऱ्या आल्या तर चार, त्याला चल्लस म्हणायचं. आणि चारही तपकिरी आल्या, म्हणजे पांढरं एकही दिसत नाही, तर आठ. काहीच पडलं नाही की सगळ्यांत जास्त मिळतं, असा हा उफराटा खेळ आहे. बाहेरून फेरी मारून सोंगटी मधल्या घरात पोचली की पिकली.

सुरुवातीला राजसीला यातलं काही कळत नव्हतं. ती फाका उधळायची, आणि तिच्या सोंगट्यासुद्धा अण्णाच चालायचे. तिच्या हळू, स्वतःच्या जोरात. रोज जिंकायचे आणि मिशीला पीळ देत बसायचे. मी एकदा म्हटलं, "अहो, लाज वाटते का थोडी? केवढीशी पोर ती." तर म्हणाले, "खेळात लहानमोठं नसतं."

मग एका दुपारी मी पदराला बिडिंग करत होते, आणि अचानक राजसीचा आवाज आला, "ए अण्णा! चिटिंग! तीन पडले. तू पाच चाललास. दोन घर वापस जा!"

मी मशीन थांबवली. अण्णा म्हणाले, "कोण, मी? बरोबर चाललो." राजसीने त्यांची सोंगटी उचलली, मूळ घरावर ठेवली आणि एकेका घरावर बोट टेकवत मोजून दाखवलं. अण्णांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. सोंगटी मात्र दोन घरं मागे आली.

त्या दिवसापासून पोर त्यांच्या बोटांकडे हवालदारासारखी बघायला लागली. अण्णांनीही हार मानली नाही, नवनव्या युक्त्या काढल्या. फुलीवर थांबता यावं म्हणून उभ्या घरापासूनच एक म्हणायचं, कोपऱ्यावरचं घर गाळायचं, बोलण्यात गुंतवून एखादी फाक अंगठ्याने उलटी करायची. प्रत्येक युक्ती दोन-चार दिवस चालायची आणि पकडली जायची. पुढे पुढे तर अण्णांनी सोंगटीला हात लावायच्या आधीच ती सांगायची, "तुला तीन पडले ना, म्हणजे तू फुलीच्या एक घर अलीकडे येणार. तिथेच थांबायचं." शाळेत शिकवतात ती बेरीज-वजाबाकी याहून काय वेगळी असते, मला माहीत नाही.

पण तीच पोर नुसतं विचारलं तर तोंड उघडत नसे. बाजारातून आल्यावर मी म्हणायचे, "राजसी, पिशवीत लिंबं किती आहेत गं?" ती पिशवीत बघायची, मग माझ्याकडे बघायची आणि म्हणायची, "तू आणलीस ना? मग तुला माहितीय." ज्याला उत्तर माहीत आहे त्याने प्रश्न का विचारावा, हे तिला पटत नव्हतं. समोरचा लबाडी करत असला तरच मोजण्याची गरज, असा तिचा हिशेब.

शाळेत लबाडी करणारं कोणी नव्हतं. किर्ती मिस म्हणून तिच्या वर्गशिक्षिका आहेत. तरुण आहेत, मुलांवर ओरडत नाहीत, मला त्यांच्याबद्दल तक्रार नाही. त्यांच्या वर्गात एक पिवळं टेबल आहे. ज्यांचे आकडे चुकतात त्यांना तिथे बसवतात. मिसचं म्हणणं, ती शिक्षा नव्हे, तिथल्या मुलांकडे जास्त लक्ष देता येतं म्हणून. मुलांचं म्हणणं वेगळं होतं. राजसी दिवाळीपासून पिवळ्या टेबलावर होती. एकदा मी तिची वेणी घालत असताना ती आपणहून म्हणाली, "पिवळ्या टेबलवाल्यांबरोबर कोणी डबा शेअर करत नाही." आवाजात रडणं वगैरे काही नव्हतं. मी विचारलं, "मग तू काय करतेस?" म्हणाली, "लवकर खाऊन टाकते." मला फार वाईट वाटलं. अण्णांना मी हे सांगितलं नाही, कारण ते थेट शाळेत जाऊन भांडले असते.

फेब्रुवारीत शाळेने पहिलीत जाणाऱ्या मुलांची आकड्यांची तपासणी घेतली. त्या संध्याकाळी तेजल आली ती चप्पल न काढता उंबऱ्यातच उभी राहिली.

"आई, मिसनी बोलावलं होतं मला," ती म्हणाली. "चार चकत्या ठेवल्या टेबलवर. चार फक्त. आणि हिला विचारलं, हाऊ मेनी? ही म्हणाली आठ."

"चकत्या कसल्या?" अण्णांनी विचारलं.

"प्लॅस्टिकच्या. एका साइडने लाल, एका साइडने पांढऱ्या."

"वर लाल होतं का पांढरं?"

"लाल होतं अण्णा, पण त्याचा काय संबंध? मग मिसनी त्याच चार चकत्या उलट्या केल्या, पांढऱ्या साइडने. आणि परत विचारलं. तर म्हणाली चार. त्याच चार चकत्या, एकदा आठ आणि एकदा चार!"

अण्णांनी मांडीवर थाप मारली. "बरोबर आहे! पांढरी एक पण नाय तर आठच. चारी पांढऱ्या तर चल्लस. पोरीनं बरोब्बर सांगितलं!"

तेजल त्यांच्याकडे बघतच राहिली. ती वाईट मुलगी नाही. सकाळी डबे भरून धावत सुटते, दिवसभर लॅबमध्ये उभी असते, आणि आपली मुलगी मागे पडतेय हे बाहेरच्या माणसाकडून ऐकून आली होती. अशा वेळी सासऱ्याने मांडीवर थाप मारलेली कोणाला आवडेल?

"अण्णा, प्लीज," ती म्हणाली. "शाळेत कोणी चल्लस आठ विचारत नाही. मिस म्हणाल्या, पहिलीत घेऊ, पण तयारी वर्ग लावावा लागेल. शाळा सुटल्यावर तिथेच, रोज पाचपर्यंत. आत्तापासून पुढचं अख्खं वर्ष. मी पाचला तिला तिथूनच घेऊन जाईन."

"म्हंजे इथं नाय येणार?"

"रविवारी येईल ना."

राजसी तोवर दारात थांबवलेल्या रिक्षाशी जाऊन उभी होती. दोघी गेल्यावर अण्णा जमिनीवरच्या पटाजवळ बसून राहिले. मी चहा ठेवला तो तसाच निवला. मग त्यांनी विचारलं, "पाचपर्यंत म्हंजे रोजच?" मी म्हटलं, रोजच. नोकरी सुटल्यावर पहिलं वर्षभर हा माणूस कंपनीचा भोंगा झाला की उगाच दारात जाऊन उभा राहायचा, ते मी पाहिलं होतं. राजसी यायला लागल्यापासून ते थांबलं. आता परत दारात उभे राहणार, हे मला दिसत होतं, आणि माझं मशीनवर लक्ष लागेना.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी स्वतः तेजलला फोन केला. आयुष्यात सुनेकडे काही मागितलं नव्हतं. म्हणाले, "एकदा बाईंसमोर पोरीला माझ्याबरोबर खेळू दे. खेळताना मोजते ती. बाईंनी एकदा बघावं, मंग काय ते वर्ग लावा." तेजलने आधी नाही म्हटलं, मग मिसना विचारते म्हणाली. किर्ती मिसनी शनिवारी शाळा सुटल्यावर बोलावलं.

अण्णा खूश झाले. समोरच्या इंदुबाईंकडून ताजे चिंचोके आणले, फोडून, घासून नव्या फाका तयार केल्या. मी बघत होते. शेवटी म्हटलं, "अहो, असं नाही व्हायचं."

"का?"

"ती सरळ खेळात कुठे मोजते? तुम्ही रडी खाल्ली तरच मोजते. तिथे बाईंसमोर तुम्ही शहाण्यासारखे खेळलात, तर ती गप्प खेळेल आणि गप्प उठेल. तुम्हाला तिथे रडी खावी लागेल. आणि चांगली दिसेल अशी, तिने पकडावी अशी."

"मी?" अण्णांचा आवाज चढला. "मी कवा रडी खाल्ली?"

ते फाका घासत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "चुकून एखादं घर इकडंतिकडं गेलं तर गेलं." इतक्या वर्षांच्या संसारात कबुलीच्या एवढ्या जवळ ते कधी आले नव्हते.

शनिवारी वर्गात आम्ही पाच जण होतो. किर्ती मिसनी फरशीवर चटई अंथरली आणि बाजूला खडूने पट आखायला दिला. तेजल भिंतीशी उभी राहिली. मला आणि मिसना बसायला मुलांच्या खुर्च्या होत्या, त्यात मी कशीबशी मावले. अण्णांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. पिवळं टेबल चटईच्या अगदी शेजारी होतं. राजसी आत आल्यावर आधी त्याच्याकडे गेली, मग मिसकडे बघून चटईवर येऊन बसली.

"राजसी, रिलॅक्स हं," मिस म्हणाल्या. "आजोबांबरोबर खेळायचं फक्त. मी बघणार. आणि किती पडले ते मोठ्याने सांगायचं."

राजसीने फाका टाकल्या. दोन पडले. ती दोन घरं चालली, पण तोंडाने काही बोलली नाही.

"किती पडले बेटा?"

राजसीने फाकांकडे बघितलं, मिसकडे बघितलं. फाका सगळ्यांच्या समोर होत्या, मिसना दिसत होत्या. तिने फाका अण्णांकडे सरकवल्या.

अण्णांनी फाका उचलल्या, खुळखुळवल्या, टाकल्या. तीन. त्यांनी सोंगटी उचलली आणि पाच घरं चालले. घरी ते इतकं उघड कधीच करत नाहीत. घरी त्यांचा हात सफाईदार असतो. इथे नाटकात काम करणाऱ्या नवख्या माणसासारखं त्यांनी प्रत्येक घरावर सोंगटी आपटली आणि राजसीकडे बघून भुवया वर केल्या.

राजसीने पाहिलं. मला शपथेवर सांगता येईल, तिने पाहिलं. तिचं बोट वर झालं होतं. मग तिने मिसकडे नजर टाकली आणि बोट मांडीखाली घेतलं.

तिची पाळी आली. एक पडला. ती तीन घरं चालली.

ही पोर स्वतःचं घर कधी चुकत नाही. भिंतीशी उभ्या तेजलने डोळे मिटून घेतले. मिसच्याही ध्यानात आलं होतं, कारण त्या थोड्या पुढे वाकल्या.

अण्णा गोंधळले. त्यांना वाटलं असावं, आपली लबाडी कमी पडली. पुढच्या खेपेला दोन पडले तर ते पाच चालले. राजसीने कपाळाला आठी घातली, क्षणभर थांबली. तिला परत एक पडला. या वेळी ती चार घरं चालली.

"राजसी," मिस हळूच म्हणाल्या, "आजोबांना आत्ता दोन पडले होते ना? मग ते किती चालले?"

राजसीने आपली सोंगटी घराच्या मधोमध सरकवली.

अण्णांच्या कपाळावर घाम आला होता. त्यांनी फाका खाली ठेवल्या. मग जे झालं ते मी ऐकलं नसतं तर माझा विश्वास बसला नसता. अण्णा म्हणाले, "मी रडी खाल्ली."

तेजल भिंतीपासून एक पाऊल पुढे आली.

"राजसी, बघ ना बाळा," अण्णा म्हणाले, "मी रडी खाल्ली. खोटं चाललो. घरी नेहमी खातो, तू पकडतेस. आता पण पकड. सांग बाईंना, किती जास्त चाललो."

सुनेसमोर, शाळेच्या बाईंसमोर, आणि माझ्यासमोर. नाथाभाऊंनी इतकी वर्षं छळून जे त्यांच्या तोंडून काढलं नाही, ते त्या चटईवर त्यांनी आपणहून सांगितलं. मला त्या क्षणी ते फार आवडले, आणि त्यांची फार दयाही आली.

राजसी उठून उभी राहिली. मिसकडे तोंड करून तिने सांगितलं, "नाही मिस. अण्णा बरोबर चालले."

घरात ती त्यांना अरे-तुरे करते. तिथे तिने "चालले" म्हटलं.

"नक्की?" मिस म्हणाल्या. "दोन पडले आणि पाच चालले, ते बरोबर?"

"बरोबर."

मिसनी तेजलकडे बघून मान हलवली. फार प्रेमाने म्हणाल्या की काळजीचं कारण नाही, वर्गात हळूहळू येईल, सोमवारपासून पाठवा. तेजल थँक यू म्हणाली. अण्णा फाका गोळा करायलाही थांबले नाहीत, मीच वाकून घेतल्या.

फाटकाबाहेर सावलीत आम्ही रिक्षाची वाट बघत उभे राहिलो. अण्णा आमच्यापासून थोडं लांब, रस्त्याकडे तोंड करून उभे होते. राजसीने वळून एकदा शाळेच्या दाराकडे बघितलं, मिस कुठे दिसत नाहीत याची खात्री केली आणि अण्णांच्या सदऱ्याचं टोक ओढलं.

"अण्णा, तू पहिल्यांदा दोन जास्त चाललास. तीन पडलेले, पाच चाललास. मग दुसऱ्यांदा तीन जास्त. दोन पडलेले, परत पाच. सगळे मिळून पाच घरं. घरी गेल्यावर वापस द्यायची."

अण्णा रस्त्याकडून तिच्याकडे वळले.

"आणि तुला नीट चिटिंगपण करता येत नाही," तिचा आवाज आता तापला होता. "तू दोन जास्त चाललास, मग मीपण दोन जास्त चालले. म्हणजे मिसला वाटेल की खेळच असा आहे. मग तू एकदम तीन जास्त चाललास! मग मला पण तीन जास्त चालावं लागलं. माझी पण पाच घरं वापस करायचीयत."

तेजल तिच्यासमोर गुडघ्यावर बसली. "राजू, तुला सगळं माहीत होतं? मग मिसना का नाही सांगितलंस? अण्णा स्वतः सांगत होते ना?"

राजसीने आईकडे असं बघितलं, जणू हे विचारायची गोष्टच नाही.

"मोजायला चुकलं की मिस पिवळ्या टेबलवर बसवतात," ती म्हणाली. "अण्णांबरोबर मग कोणी डबा नसता खाल्ला."

अण्णांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसायला घेतला. बराच वेळ पुसत होते. माझेही डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत. तेजल तशीच गुडघ्यावर बसून होती. मग तिने मला विचारलं, "आई, डब्याचं काय म्हणतेय ही?" मी तिला सांगितलं, वेणी घालताना जे ऐकलं होतं ते सगळं. सांगताना मला जाणवलं, की हे मी आधी पोरीच्या आईला सांगायला हवं होतं.

तेजल उठली. माझ्या हातातल्या फाका मागून घेतल्या. म्हणाली, "तुम्ही थांबा इथेच," आणि शाळेत परत गेली.

रिक्षा आली, सुदाम थांबून राहिला. राजसी त्याला तपशीलवार सांगत होती की अण्णांकडे पाच घरं बाकी आहेत. अण्णा रिक्षात बसून ऐकत होते आणि नाही म्हणत नव्हते.

तेजल आली तेव्हा तिच्या हातात फाका नव्हत्या. आत काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. तिनेच सांगितलं. "मिस म्हणाल्या, मी तिच्याशी खेळून बघते. त्यांनी फाका ठेवून घेतल्या. वर्ग लावत नाहीये मी." मग सुदामला म्हणाली, "भाऊ, सोमवारपासून नेहमीसारखंच. मोरिवलीला."

आणि थोडं थांबून राजसीला म्हणाली, "आणि मिसनी रडी खाल्ली, तर त्यांना पकडायचं. काही होत नाही."

"मिस पण खातात?" राजसीने विचारलं. तिचे डोळे मोठे झाले होते.

सोमवारी दुपारी रिक्षा दारात थांबली. अण्णांनी सकाळीच इंदुबाईंकडून परत चिंचोके आणून नव्या फाका घासल्या होत्या, पट आखून ठेवला होता. राजसीने दप्तर कोपऱ्यात टाकलं. शनिवारचा डाव तिच्या डोक्यात जसाच्या तसा होता. तिने सगळ्या सोंगट्या त्या त्या घरात मांडल्या, आधी स्वतःची पाच घरं मागे घेतली, मग अण्णांसमोर बोट रोखलं. अण्णांनी एक शब्द न बोलता पाच घरं परत दिली. मी मशीनवरून बघत होते. वाटलं, संपलं, माणूस सुधारला. खोटं कशाला बोलू, मला थोडी हुरहुरच लागली.

मग अण्णांनी फाका टाकल्या. दोन पडले. त्यांनी सोंगटी उचलली, खिडकीबाहेर बघत "आज ऊन जरा जास्तच आहे" असं काहीतरी म्हणाले, आणि सफाईने चार घरं चालले.

"अण्णा! चिटिंग!" राजसी अशी ओरडली की इंदुबाई हातातलं सूप घेऊन दारात आल्या. "दोन घर वापस जा!"

"कोण, मी?" अण्णा म्हणाले. "मी बरोबर चाललो."

आणि राजसी त्यांची सोंगटी हिसकावून घेऊन, एकेका घरावर बोट आपटत, सगळ्या आळीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने मोजायला लागली.